वाचकांचे प्रश्न: जॉर्जेट चेन, पॅरिसमधे शिकलेली आणि सिंगापूरची झालेली चित्रकार

गेल्या अंकात पॅरिसला जाऊन शिकलेल्या आशियाई चित्रकारांबद्दल लिहिताना जॉर्जेट चेनवर जेमतेम चार ओळी आल्या होत्या आणि सोबत तिच्या रंबुतान या फळांच्या चित्राचा छोटासा फोटो होता. त्या चार ओळींवर खूप पत्रं आली, मला मनापासून आनंद झाला कारण आपल्याकडे तिचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून या वेळचा अख्खा कॉलम तिलाच देतेय.

प्रश्न: आम्ही मिस्टरांच्या नोकरीमुळे सिंगापूरला असतो. लेकीला घेऊन इथल्या नॅशनल गॅलरीत गेले होते तेव्हा एका बाईचं अगदी छोटं सेल्फ पोर्ट्रेट दिसलं आणि लेक तिथून हलेचना. आता तुमच्या अंकात तेच नाव वाचलं. ताई, ही बाई नक्की कुठली, चीनची, फ्रान्सची की इथली? (एक वाचक, सिंगापूर)

उत्तर: तुमच्या लेकीची नजर चांगली आहे. ते चित्र साधारण 1946 चं आहे, साईज फक्त 22.5 बाय 17.5 सेंटिमीटर, म्हणजे वहीच्या पानापेक्षा थोडं मोठं, आणि तेवढ्याशा जागेत पूर्ण चेहरा. मागे ओढून बांधलेले केस, पातळ भुवया, उंच गळपट्टीचा चिनी पोशाख आणि मिटलेले ओठ. ते काढलं तेव्हा ती चाळिशीला आली होती आणि नवऱ्याला जाऊन दोनच वर्षं झाली होती. चित्रात रडणं कुठेही नाही, पण बघणाऱ्याला हसू येणार नाही असं काहीतरी त्या चेहऱ्यात आहे, लहान मुलांना ते पटकन कळतं असं मला वाटतं.

आता ती कुठली. जन्म 1906 चा, चीनच्या झेजियांग प्रांतातला, मूळ नाव चांग ली यिंग. वडील चांग जेन-चिएह, त्यांना चांग चिंग-चियांग असंही म्हणतात, मोठे व्यापारी, पॅरिसमधे त्यांचं चिनी पुरातन वस्तू, रेशीम आणि चहा विकायचं दुकान होतं आणि धंद्याचा पसारा न्यूयॉर्कपर्यंत. शिवाय चीनची राजेशाही उलथवणाऱ्या क्रांतीचे नेते सुन यत-सेन यांना पैसा पुरवणाऱ्यांमधलं हे एक मोठं नाव, पुढे कुओमिन्तांग या राष्ट्रवादी पक्षातही त्यांचं वजन होतं. त्यामुळे पोरीचं बालपण पॅरिस, न्यूयॉर्क, शांघाय असं फिरत गेलं, पहिलं महायुद्ध लागलं म्हणून पॅरिस सोडलं, मग अमेरिका, परत चीन, परत अमेरिका. 1926 मधे न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमधे तिनं नाव घातलं पण तिथं मन रमलं नाही, वर्षभरात ती पॅरिसला गेली आणि अकादेमी कोलारोसी, अकादेमी बिलूल अशा ठिकाणी शिकली. 1930 मधे तिथल्या सालों दोतोन नावाच्या मोठ्या वार्षिक प्रदर्शनात तिची चित्रं निवडली गेली. वय 24.

त्यानंतर लग्न, युद्ध, वैधव्य, दुसरं लग्न, 1951 मधे मलायातलं (आताच्या मलेशियातलं) पेनांग, घटस्फोट, आणि मग सिंगापूर. 1954 पासून ती तिथल्या नानयांग अकॅडमी ऑफ फाइन आर्ट्समधे शिकवायला लागली आणि मग कुठे गेलीच नाही. 1982 मधे सिंगापूर सरकारनं कल्चरल मेडॅलियन हा त्यांचा सगळ्यात मोठा कलासन्मान तिला दिला, शेवटची बरीच वर्षं संधिवातानं फार हाल झाले आणि 1993 मधे ती तिथेच वारली.

तर जन्मानं चिनी, शिक्षणानं पॅरिसची, आणि मला विचाराल तर चित्रकार म्हणून सिंगापूरची, कारण तिची सगळ्यात चांगली चित्रं पंचेचाळिशीनंतरची आहेत आणि ती पेनांग आणि सिंगापूरची आहेत. हे मी मुद्दाम ठासून सांगतेय, कारण बाहेर शिकलेल्या माणसाबद्दल लिहिताना आपण सगळं श्रेय शिकलेल्या गावाला देऊन मोकळे होतो.

लेकीला परत घेऊन जा. ती गॅलरी ज्या दोन इमारतींमधे आहे, जुना सिटी हॉल आणि जुनं सुप्रीम कोर्ट, त्यातल्या सिटी हॉलमधे सप्टेंबर 1945 मधे जपान्यांनी शरणागतीच्या कागदावर सह्या केल्या होत्या. युद्धात होरपळलेल्या बाईचं चित्र आज त्याच वास्तूत आहे हे तिला सांगा.

प्रश्न: मी जीडी आर्टच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात वाद झाला. एक सर म्हणाले जॉर्जेट चेन इम्प्रेशनिस्ट, दुसरे म्हणाले पोस्ट-इम्प्रेशनिस्ट, आणि नेटवर कुठे नानयांग स्टाइल लिहिलंय. नक्की काय लिहायचं पेपरात? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: पेपरात पोस्ट-इम्प्रेशनिस्ट लिही आणि नानयांग चित्रकारांच्या पहिल्या पिढीतली असं पुढे जोड, मार्क मिळतील. पण तुला चित्र समजायचं असेल तर थोडं जास्त ऐक.

इम्प्रेशनिस्ट लोकांनी काय केलं, तर स्टुडिओतून बाहेर पडून समोर जे आहे ते त्याच उजेडात, तिथल्या तिथे रंगवायला घेतलं. हे जमलं त्यामागे एक साधं कारण म्हणजे 1841 मधे निघालेली धातूची रंगाची ट्यूब, त्याआधी खललेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे, तो घेऊन नदीकाठी कोण जाणार. दुसरं म्हणजे त्यांनी सावलीत काळा घालणं जवळपास बंद केलं, सावलीत निळा, जांभळा, समोरच्या वस्तूच्या विरोधी रंग दिसतो तो घातला, आणि रंग पॅलेटवर घोटून एकजीव करायच्याऐवजी छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी शेजारी शेजारी ठेवला. 1874 मधे पॅरिसमधे नादार या फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं तेव्हा लोकांनी टर उडवली. जॉर्जेट शिकायला गेली तेव्हा या गोष्टीला पन्नासपेक्षा जास्त वर्षं झाली होती, टर उडवणारे गेले होते आणि ती भाषा शाळेत शिकवण्याइतकी रुळली होती.

तिनं त्यातून समोर बसून रंगवणं घेतलं, रंगीत सावल्या घेतल्या, सुटे फटकारे घेतले. पण इम्प्रेशनिस्ट चित्रात वस्तूची कड उजेडात विरघळते, तिच्याकडे तसं होत नाही. तिची फळं, भांडी, माणसं ठाम आहेत, त्यांना वजन आहे, कडेला बऱ्याचदा गडद रेषा येते, आणि टेबल असं रंगवते की वरून बघितल्यासारखं ते आपल्याकडे कललेलं दिसतं. हे सगळं सेझानकडून आलंय आणि रंगाचा जाड, उत्साही थर व्हॅन गॉगकडून. हे दोघं इम्प्रेशनिस्टांच्या नंतरचे, म्हणजे पोस्ट-इम्प्रेशनिस्ट चित्रकार, म्हणून तीही पोस्ट-इम्प्रेशनिस्ट.

तिचं मून फेस्टिव्हलच्या टेबलाचं स्टिल लाइफ, म्हणजे मांडून ठेवलेल्या वस्तूंचं चित्र, शोधून बघ, साठच्या दशकातलं आहे. शरदातल्या पौर्णिमेच्या चिनी सणाचं टेबल, त्यावर मूनकेक, फळं. विषय पूर्ण चिनी घरातला, टेबलाची मांडणी सेझानची आणि रंगांचा भडकपणा सिंगापूरच्या बाजारातला, तरी कुठे जोड दिसत नाही. जोड का दिसत नाही यावर तुमच्या वर्गात वाद घाला, तो जास्त कामाचा आहे. माझं उत्तर असं की तिनं या तीन गोष्टी एकत्र करायचा बेतच केलेला नव्हता, समोर जे मांडलं होतं ते तिला येणाऱ्या पद्धतीनं तिनं रंगवलं, बस.

आणि नानयांग म्हणजे काय तेही सांगते. चीनच्या दक्षिणेला समुद्रापलीकडचा जो मुलूख, मलाया, सिंगापूर, इंडोनेशिया, त्याला चिनी लोक नानयांग म्हणतात. तिथं येऊन स्थायिक झालेल्या चित्रकारांनी पॅरिसचं तैलचित्र आणि चिनी शाईचित्र दोन्ही हाताशी धरून तिथलं जगणं रंगवलं. लिऊ कांग, चेन चोंग स्वी, चेन वेन सी, चोंग सू पिएंग हे चौघं 1952 मधे बालीला गेले ती ट्रिप कलेच्या इतिहासात गाजलेली आहे, तिथं या शैलीला आकार आला असं मानतात. जॉर्जेट त्या ट्रिपला नव्हती, तेव्हा ती पेनांगला होती. तरी नाव मात्र या पिढीबरोबरच घेतात आणि ते बरोबर आहे.

प्रश्न: ती चिनी होती तर शाईनं, बांबूच्या कागदावर वगैरे का नाही काढलं? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: कारण तिचं शिक्षण त्यातलं नव्हतं. तैलरंग आणि पेस्टल (रंगीत खडू) ही तिची माध्यमं. चिनी माणसानं शाईच वापरली पाहिजे ही अपेक्षा बाहेरच्यांची असते. तिच्या चित्रातली रेषा बारकाईनं बघितली तर कमळाच्या पानाच्या कडेला, फांदीच्या वळणात चिनी ब्रशची सवय जाणवते असं काही अभ्यासक म्हणतात, मला ती कमळांच्या चित्रात थोडी जाणवते, फळांच्या चित्रात अजिबात नाही.

प्रश्न: तिच्या नवऱ्याबद्दल वाचलं की ते चीनचे परराष्ट्रमंत्री होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या संसारात तिचं चित्र काढणं कसं टिकलं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: हा प्रश्न विचारल्याबद्दल आभार, कारण याचं उत्तर तिच्या चित्रातच आहे.

तिचे पहिले पती युजीन चेन हे वेगळंच व्यक्तिमत्त्व. जन्म 1878 चा, वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदादचा, तिथंच वकिली केली, चिनी भाषा त्यांना धड येत नव्हती, इंग्लिश मात्र जबरदस्त. सुन यत-सेनच्या चळवळीत आले आणि 1927 मधे वुहानच्या राष्ट्रवादी सरकारचे परराष्ट्रमंत्री असताना हांकौ शहरातला ब्रिटिशांच्या ताब्यातला भाग चीनला परत मिळवायचा करार त्यांनी केला. त्या काळात ब्रिटिशांकडून टेबलावर बसून जमीन परत घेणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यांची पहिली बायको वारली होती, मुलं मोठी होती. सुन यत-सेनच्या पत्नी सूंग चिंग-लिंग यांच्या ओळखीतून जॉर्जेटशी भेट झाली आणि 1930 मधे पॅरिसला लग्न झालं. दोघांमधे 28 वर्षांचं अंतर.

लोक म्हणतील वडिलांच्या वयाच्या पुढाऱ्याशी लग्न म्हणजे हिचा ब्रश सुटला असणार. तसं झालं नाही. त्यांनी तिला चित्र काढू दिलं असं मी म्हणणार नाही, काढू देणारे ते कोण, पण ते तिच्यासमोर मॉडेल म्हणून बसले, पुन्हा पुन्हा बसले, आणि ती पोर्ट्रेट्स आज आपल्याकडे आहेत. राजकारणातला तिखट जिभेचा माणूस त्यात शांत दिसतो.

मग 1941 चा डिसेंबर. ती दोघं हाँगकाँगला होती, ख्रिसमसच्या दिवशी हाँगकाँग जपान्यांच्या हाती पडलं. युजीनना त्यांनी नजरकैदेत ठेवलं आणि पुढे दोघांना शांघायला नेलं. जपानधार्जिण्या सरकारात त्यांना ओढायचा प्रयत्न झाला, ते गेले नाहीत. मे 1944 मधे शांघायलाच ते वारले, युद्ध संपायला वर्षभर बाकी असताना. या सगळ्या वर्षांत जॉर्जेट चित्र काढत होती. बाहेर फिरायची बंदी असेल तर घरातली फुलं, घरातली भांडी, समोर बसलेला नवरा. तिच्या पद्धतीला हेच लागायचं, समोर काहीतरी हवं आणि त्यावर उजेड हवा, हे दोन्ही कैदेतही मिळतं. स्मरणातून किंवा कल्पनेतून काढणारी असती तर कदाचित वेगळं झालं असतं.

एक बारीक गोष्ट सांगते. 1947 मधे तिनं हो युंग-ची यांच्याशी लग्न केलं, ते टिकलं नाही. पण चित्रावरची सही शेवटपर्यंत चेन अशीच राहिली.

प्रश्न: अमृता शेरगिलही त्याच सुमाराला पॅरिसला होती ना? मग हिला चीनची शेरगिल म्हणायला काय हरकत आहे? (एक वाचक, पुणे)

उत्तर: हरकत आहे, दोघींवर अन्याय होईल म्हणून. पॅरिसचा काळ एकमेकींवर येतो हे खरं, शेरगिल 1929 ते 1934 तिथं होती आणि जॉर्जेटही तिथंच शिकून चित्रं दाखवत होती. दोघी श्रीमंत, अनेक भाषा बोलणाऱ्या, लहानपणापासून देशोदेशी फिरलेल्या घरातल्या. साम्य इथं संपतं.

शेरगिल भारतात परतली, 1936 च्या शेवटी दौऱ्यावर निघाली, मुंबईत प्रदर्शन केलं आणि अजिंठ्याला गेली, आणि अजिंठ्याच्या भिंतींनी तिचं चित्र मुळापासून हलवलं. त्यानंतरच्या दक्षिणेतल्या खेड्यातल्या माणसांच्या चित्रांत पॅरिसची छायाप्रकाशाची पद्धत मागे पडते, आकार सपाट होतात, मातीचे रंग येतात. तिनं आपली परंपरा शोधली आणि तिच्यासमोर स्वतःची शैली बदलली. आणि 28 व्या वर्षी लाहोरला वारली.

जॉर्जेटनं अशी कुठली परंपरा शोधली नाही. तिला आयुष्य मिळालं 86 वर्षांचं आणि तिची शैली पॅरिसनंतर फार बदललीच नाही, बदलत गेलं ते समोरचं जग. शेरगिलचा रस्ता जास्त नाट्यमय आहे, पुस्तकात लिहायला सोपा आहे. पण एकच पद्धत पन्नास वर्षं इमानानं वापरत राहायची आणि ज्या गावी जाऊन पडलो त्या गावाकडे दर वेळी नव्यानं बघायचं, हेही मोठं काम आहे, आणि याची आपण कमी किंमत करतो.

प्रश्न: मी 22 वर्षं शाळेत चित्रकला शिकवते. तुम्ही लिहिलं होतं की त्याही शिक्षिका होत्या. त्याबद्दल थोडं सांगाल का? (एक शिक्षिका, नागपूर)

उत्तर: बाई, तुमच्या पत्रानं मला खूप बरं वाटलं. हो, पेनांगला गेल्यावर आधी हान चियांग या चिनी हायस्कूलमधे शिकवलं आणि मग 1954 पासून 1980 पर्यंत नानयांग अकॅडमीत. ही अकॅडमी 1938 मधे लिम हाक ताई यांनी सुरू केली होती, चीनमधून आलेले कलाशिक्षक तिथं जमले होते. श्रीमंत बापाची पोर, मंत्र्याची बायको, पॅरिसच्या प्रदर्शनात लागलेली चित्रकार, ती वयाच्या अठ्ठेचाळीसाव्या वर्षी एका नवीन गावात पोरांना ड्रॉइंग शिकवायला उभी राहते आणि 26 वर्षं शिकवते. एकटी बाई, स्वतःच्या कमाईवर. सिंगापूरच्या आधुनिक शिल्पकलेचे जनक ज्यांना म्हणतात ते एन्ग एन्ग टेंग तिचे विद्यार्थी.

आणि ती स्वतः विद्यार्थी व्हायला लाजली नाही. पन्नाशीच्या आसपास तिनं मलय भाषा शिकायला घेतली. त्या काळी मलाया स्वतंत्र होत होता, 1957 मधे झाला, सिंगापूरला 1959 मधे स्वतःचं सरकार मिळालं, मलय ही राष्ट्रभाषा ठरली होती, चिनी वस्तीतल्या बऱ्याच जणांना ती बाजारापुरती यायची. जॉर्जेटनं ती नीट शिकून घेतली आणि चेंदाना असं मलय नावही घेतलं, त्याचा अर्थ चंदन. तिचे विषय बघा, मलय लग्न, क्वालालंपूरची मशीद, पूर्व किनाऱ्यावरच्या विक्रेत्या बायका, साते (काडीला लावलेले मांसाचे तुकडे) भाजणारा पोरगा, सिंगापूर नदीतल्या मालवाहू होड्या आणि काठावरची जुनी दुकानघरं. चिनी वस्तीत राहून फक्त चिनी वस्ती रंगवली असती तरी कुणी विचारलं नसतं.

स्थलांतरित माणूस आला की आपण विचारतो मूळ गाव आठवतं का, मूळ पदार्थ करता का. तिच्या चित्रात मागचं गाव आठवून उसासे टाकणं सापडत नाही. तिनं नव्या गावाची भाषा शिकली, फळं शिकली, माणसं शिकली. मला यात तिचा सगळ्यात मोठा गुण दिसतो, आणि हा गुण आणि तिचं समोर बघून रंगवणं हे एकाच जागेतून येतं.

तिच्या मृत्यूनंतर तिच्याकडची 53 चित्रं 1994 मधे सिंगापूरच्या सार्वजनिक संग्रहाला देण्यात आली आणि कलाविद्यार्थ्यांसाठी तिच्या नावानं स्कॉलरशिप आहे.

प्रश्न: चीनमधून पॅरिसला जाऊन राहिलेले अजून कुणी? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: बरेच, पण दोन नावं नक्की वाचा. पान यूलियांग आणि सान्यू.

पान यूलियांगचं आयुष्य वाचवत नाही. लहानपणी आईबाप गेले, मामानं कुंटणखान्यात विकलं, तिथून पान झानहुआ या कस्टम्सच्या अधिकाऱ्यानं सोडवलं आणि दुसरी बायको म्हणून घरी आणलं, त्याचंच आडनाव तिनं लावलं. शांघायला चित्रकला शिकली, मग ल्यों, पॅरिस, रोम. परत येऊन शांघाय आणि नानजिंगला शिकवलं, पण बाईनं नग्न स्त्रीदेह रंगवले आणि त्यात तिचा भूतकाळ, लोकांनी जगू दिलं नाही. 1937 मधे ती पुन्हा पॅरिसला गेली ती कायमची, 1977 मधे तिथंच वारली, मोंपार्नासच्या दफनभूमीत आहे. चाळीस वर्षं राहूनही फ्रेंच नागरिकत्व घेतलं नाही आणि चित्रं विकायला कुठल्या दलालाशी करार केला नाही. तिची हजारो कामं नंतर चीनला नेली, आता बहुतेक अनहुई प्रांताच्या संग्रहालयात आहेत. तिच्या रंगात इम्प्रेशनिस्टांचा वारसा आहे पण शरीराची कड ती चिनी शाईच्या रेषेसारखी ओढते, वरच्या सोलापूरच्या प्रश्नाला खरं उत्तर तिच्याकडे आहे.

सान्यू हा सिचुआनचा, 1921 मधे पॅरिसला आला, हा मात्र इम्प्रेशनिस्ट नव्हे. घरून पैसा यायचा तोवर मजेत होता, नंतर गरिबीत दिवस काढले आणि 1966 मधे स्टुडिओत गॅसगळतीनं वारला. आज त्याची चित्रं लिलावात कोट्यवधींना जातात.

पान यूलियांग आणि जॉर्जेट एकमेकींच्या शेजारी ठेवून बघा. दोघी घर सोडून गेलेल्या, पण पान यूलियांगच्या चित्रात पॅरिस शहर फारसं येत नाही, ती खोलीत, देहाकडे, आरशाकडे बघते. जॉर्जेट दार उघडून बाजारात जाते. यात एक चूक एक बरोबर असं काही नाही, पान यूलियांगला बाहेरच्या जगानं जे दिलं होतं ते बघता तिनं दार लावून घेतलं तर नवल नाही.

प्रश्न: मी बँकेतून रिटायर झालोय आणि सुट्टीच्या दिवशी लँडस्केप करतो. युरोपियन इम्प्रेशनिस्टांची पुस्तकं बघून बघून शिकलो पण कोकणातलं हिरवं माझ्याकडून प्लास्टिकसारखं येतं आणि दुपारचं चित्र तर सपाटच होतं. तुमच्या त्या चेनबाईंकडून काही शिकता येईल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: येईल काका, आणि तुमची अडचण हातातली नाही, ती उजेडातली आहे.

पुस्तकातले इम्प्रेशनिस्ट ज्या उजेडात उभे होते तो तिरपा उजेड. हे लक्षात घ्या की पॅरिसला वर्षातल्या सगळ्यात उंच दुपारी, म्हणजे जूनमधे, सूर्य क्षितिजापासून साधारण 65 अंशांवर चढतो, आणि सिंगापूरला वर्षातल्या सगळ्यात खालच्या दुपारी तो जवळपास तितकाच वर असतो. म्हणजे फ्रान्समधलं जे टोक तिथून सिंगापूरची सुरुवात. तुमच्याकडे रत्नागिरीत तर मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो. लांब निळ्या सावल्या, झाडांच्या बाजूनं येणारं सोनेरी ऊन, ज्यावर ती सगळी चित्रं उभी आहेत, ते तुमच्या दुपारी मिळणारच नाही, सावली वस्तूच्या पायाशी येऊन बसते. त्यात हवेतला दमटपणा, दूरचं सगळं पांढुरकं.

जॉर्जेटच्या सिंगापूरच्या चित्रांत बघा ती काय करते. सावलीवर चित्र उभं करायचं सोडून देते आणि वस्तूच्या स्वतःच्या रंगावर उभं करते. 1965 चं रंबुतानचं चित्र घ्या, लालभडक केसाळ फळं आणि टोपली, त्यात नाट्य उजेडाचं नाहीच, लालाच्या शेजारी कुठला लाल, त्याला हिरवा कुठे टेकतो, यावर सगळं चाललंय. कडेची गडद रेषा तिथं कामाला येते, कारण सपाट उजेडात एक आकार दुसऱ्यापासून सुटा करायला सावली नसते, रेषा असते. आणि नजर वरून, म्हणजे आकाशाचा तो पांढरा चकाकता भाग चित्रात येतच नाही. नदीच्या चित्रातही होड्यांची गर्दी अशी भरते की आकाशाला जागा थोडीच उरते.

म्हणून आधी सॅप ग्रीन या तयार हिरव्याची ट्यूब महिनाभर कपाटात ठेवा. अल्ट्रामरीन आणि लेमन यलोनं हिरवा करा, त्यात थोडा बर्न्ट सिएना किंवा लाल घाला, हिरव्यात लाल पडला की तो जिवंत होतो, कोकणातल्या झाडांत तांबडी मातीही परावर्तित होत असते हे विसरू नका, पानांच्या खालच्या बाजूला ती दिसते. फणसाचा हिरवा, माडाचा हिरवा आणि भाताचा हिरवा यांना वेगवेगळे ढीग करा पॅलेटवर, सुरुवातीलाच. सावलीत काळा नको, गडद निळा आणि तपकिरी मिसळून बघा.

दुपारी बाहेर बसू नका, सकाळी साडेसात ते नऊ आणि चारनंतर, तेव्हा तिरपा उजेड तुम्हालाही मिळतो. दुपारी घरात खिडकीशी स्टिल लाइफ लावा, बाजारातून आणलेली फळं, उभं राहून, वरून बघत. कोकम, जांभळं, फणसाचे गरे, जे मोसमात असेल ते, आणि ताटाखाली एखादा रंगीत कपडा. पावसाळ्यात तैलरंग लवकर वाळत नाही, तेव्हा दोन कॅनव्हास आलटून पालटून चालू ठेवा आणि ओल्यावर ओलं घोटत बसू नका, चिखल होतो. पेस्टलही करून बघा, तिनं भरपूर केलंय, वाळायची भानगड नाही.

करून झाल्यावर फोटो जरूर पाठवा, आधीचं प्लास्टिक हिरव्याचं एक चित्रही सोबत असू द्या, दोन्ही शेजारी छापू.